सिम्युलेशन लीगमधल्या जुन्या ड्राफ्टचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्राफ्ट म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंमधून पाळीपाळीने केलेली निवड. जुना ड्राफ्ट मागे वळून कसा तपासावा याची ही उत्तरं, ब्राउझरमध्ये फुकट खेळता येणाऱ्या ‘बास्केटबॉल जीएम’ या व्यवस्थापन-खेळाला धरून लिहिली आहेत. उदाहरणांसाठी एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, २००३ सालची तुकडी घेतली आहे. लेब्रॉन जेम्स, कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड एकाच ड्राफ्टमध्ये आले आणि दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटने पुढे न चमकलेला डार्को मिलिचिच निवडला, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक वादाचा नमुना या एका तुकडीत सापडतो. मूल्यमापनाची पद्धत मात्र कोणत्याही सिम्युलेशन लीगला लागू पडते.

१. ड्राफ्टची ‘तुकडी’ म्हणजे नेमके कोण? फक्त निवडले गेलेले खेळाडू, की सगळे?

त्या वर्षी ड्राफ्टसाठी पात्र असलेले सगळे. ३० संघ आणि दोन फेऱ्या असल्या की ६० जण निवडले जातात. काल्पनिक खेळाडूंच्या लीगमध्ये मात्र तुकडी ७० जणांची असते, म्हणजे दहा जण शेवटपर्यंत कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. त्यांनाही यादीत ठेवा. खऱ्या २००२ च्या ड्राफ्टमध्ये युडोनिस हॅस्लेमला कुणी निवडलं नव्हतं, तरी तो मायामीकडून तीन विजेतेपदं जिंकला. असा खेळाडू यादीत नसेल, तर ‘त्या दिवशी काय काय उपलब्ध होतं’ हे चित्रच चुकतं.

एक बारकावा. खऱ्या २००३ च्या ड्राफ्टमध्ये ६० नाही, ५८ निवडी झाल्या. तेव्हा संघ २९ होते.

२. किती हंगामांनंतर मागे वळून पाहावं?

तीनदा पाहावं, आणि प्रत्येक वेळी प्रश्न वेगळा विचारावा.

पहिल्यांदा तीन हंगामांनंतर. नेहमीच्या मांडणीत पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा रुकी करार, म्हणजे नवख्याचा पहिला करार, इथे संपतो. त्यामुळे या टप्प्यावरचा प्रश्न एवढाच, की याला पुन्हा करारबद्ध करायचं का. दुसऱ्यांदा सात हंगामांनंतर. १९ ते २२ व्या वर्षी आलेला खेळाडू तोवर २६ ते २९ चा झालेला असतो आणि बहुतेकांचा भराचा काळ याच पट्ट्यात येतो. निवडीचा खरा निकाल इथे लागतो. तिसऱ्यांदा सगळे निवृत्त झाल्यावर. हा कारकिर्दीचा हिशेब झाला. त्यावरून संघाच्या निवडीला गुण देऊ नयेत, कारण दहाव्या वर्षी तो खेळाडू बहुधा दुसऱ्याच संघात असतो.

सर्वाधिक चुका दुसऱ्या हंगामानंतरच्या घाईने होतात. २२ व्या वर्षी आलेला खेळाडू लगेच खेळू लागतो आणि १९ वर्षांचा मागे दिसतो. तेवढ्यावरून मोठ्याला ‘हिरा’ आणि धाकट्याला ‘फुकट गेला’ ठरवून मोकळं होऊ नये.

३. माहिती कुठे मिळते? आणि आधीपासून काय जपून ठेवावं लागतं?

‘ड्राफ्ट हिस्टरी’ पानावर वर्ष निवडलं की निवडीचा क्रम, संघ, ड्राफ्टच्या दिवशीचं रेटिंग आणि कारकिर्दीची आकडेवारी एकत्र दिसते. तक्त्याच्या मेनूतून ती सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) म्हणून उतरवून घेता येते.

जपायच्या गोष्टी दोन. पहिली, लीगची पूर्ण फाइल. लीग तुमच्या ब्राउझरच्या साठ्यात असते. ब्राउझरचा डेटा साफ केला की वीस हंगामही साफ. दर ड्राफ्टच्या आधी आणि नंतर ‘टूल्स’मधल्या ‘एक्स्पोर्ट लीग’ने फाइल उतरवा आणि नावात वर्ष व टप्पा लिहा: ‘२००३-ड्राफ्टआधी’, ‘२००३-ड्राफ्टनंतर’. या दोन फायलींचा उपयोग प्रश्न ९ मध्ये येईल. दुसरी गोष्ट, ड्राफ्टच्या दिवशीचा उमेदवारांचा तक्ता, पडद्यावर दिसतो तसाच. तो का लागतो हे प्रश्न ४ मध्ये आहे.

‘डिलीट ओल्ड डेटा’ वापरण्याआधी तिथले पर्याय एकेक करून वाचा. खेळ हलका करायला म्हणून जुने निवृत्त खेळाडू पुसले, की ड्राफ्टच्या इतिहासाला भोकं पडतात. तीही नेमकी अपयशी खेळाडूंच्या जागी, आणि मग प्रत्येक जुनी तुकडी होती त्यापेक्षा चांगली वाटू लागते.

४. ‘पॉट’ ७५ होता, खेळाडू ५२ वर थांबला. खेळाने फसवलं का?

नाही. ‘ओव्हीआर’ ही आजची ताकद, ‘पॉट’ हा पुढच्या वाढीचा अंदाज. १९ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा अंदाज फार सैल असतो. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला, प्रीसीझनमध्ये, रेटिंग वरखाली होतं आणि त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. सलग दोन वर्षं वाढ झाली नाही की पॉटही खाली येतो.

त्यात धूसरपणाची भर पडते. उमेदवारांचं जे रेटिंग दिसतं त्यात मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असते. स्काउटिंगवरचा (उमेदवारांच्या पारखीवरचा) खर्च जितका जास्त तितकी ती कमी, आणि खेळाडू अनुभवी होत गेला की तीही विरत जाते. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये मात्र खरे आकडे असतात. म्हणून फाइल उघडून ‘हा तर ४८ होता, ५३ नव्हताच, मग का घेतला?’ असं विचारणं अन्यायाचं आहे. निवडणाऱ्याला ५३ दिसत होते. निर्णय तपासायचा तर त्या दिवशीचा पडदा समोर हवा, आणि परिणाम तपासायचा तर खरे आकडे.

आकड्यांची पट्टीही ध्यानात ठेवा. इथे ७५ च्या पुढचा खेळाडू एमव्हीपीच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या किताबाच्या) शर्यतीत असतो, ५५ चा चांगला स्टार्टर (सुरुवातीच्या पाच जणांतला) असतो. दुसऱ्या खेळांत ८५ म्हणजे जे, ते इथे ६५ च्या आसपास सापडतं. शंभरपैकी गुण समजून वाचलं तर सगळी तुकडी नापास दिसेल.

५. विन शेअर्स, व्हीओआरपी, पीईआर: कोणता आकडा धरावा?

संघाच्या निवडीचा हिशेब असेल तर पहिल्या सात हंगामांचे एकूण विन शेअर्स. ढोबळ मानाने एक विन शेअर म्हणजे एक विजय, त्यामुळे बेरीज समजायला सोपी जाते. दोष हा, की बलाढ्य संघातल्या मधल्या फळीच्या खेळाडूलाही त्यात थोडं जास्त श्रेय मिळतं.

व्हीओआरपी, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती जास्त योगदान दिलं तो आकडा, संघाच्या विजयांवर कमी अवलंबून असतो, म्हणून पडताळणीला चांगला. पण तो उणे जाऊ शकतो. मग चार वर्षं वाईट खेळलेला खेळाडू कधीच न खेळलेल्यापेक्षा खाली दिसतो. हे टाळायला हंगामागणिक उणे आकडा शून्य धरावा.

पीईआर हा दरमिनिटाच्या कामगिरीचा आकडा आहे, सरासरी १५. कारकिर्दीच्या बेरजेसाठी तो वापरू नका: मोजकीच मिनिटं खेळलेला राखीव खेळाडू २५ दाखवू शकतो. लीग ८२ ऐवजी कमी सामन्यांची असेल, तर बेरजेचे आकडे आधी ८२ च्या प्रमाणात आणा.

६. पाचवी निवड ‘चांगली’ होती हे कशावरून ठरवायचं?

पाचव्या जागेकडून सहसा काय मिळतं यावरून. पाचव्याची तुलना पहिल्याशी करणं, किंवा ‘नंतर त्याच्यापेक्षा चांगला निघाला’ अशा एखाद्या खेळाडूशी करणं, हीच सगळ्या चुकीच्या निकालांची मुळं आहेत.

आधी पाया तयार करावा लागतो. तुमच्याच लीगमधल्या, सात हंगाम पूर्ण झालेल्या निदान १० ते १५ तुकड्या घ्या. एकेका क्रमांकाऐवजी पट्टे पाडा: १, २–३, ४–५, ६–१०, ११–१४, १५–२०, २१–३०, दुसरी फेरी. प्रत्येक क्रमांकावर १५ च खेळाडू जमतात आणि तेवढ्यावर आकडा स्थिर राहत नाही, म्हणून पट्टे. प्रत्येक पट्ट्यातल्या सगळ्यांचे सात हंगामांचे विन शेअर्स लिहून मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा. सरासरी नको, कारण एखादा महान खेळाडू ती एकटा ओढून नेतो. मध्यकाच्या वर जितके, तितका त्या निवडीचा नफा.

समजा तुमच्या लीगमध्ये ४–५ पट्ट्याचा मध्यक ३० आहे आणि पहिल्या क्रमांकाचा ४५. पाचव्याने ५२ कमावले तर नफा २२. पहिल्याने ५० कमावले तर नफा ५. दोघांचे एकूण आकडे जवळजवळ सारखे आहेत, पण पाचवा घेणाऱ्या संघाने खूप मोठं काम केलं.

दुसऱ्या फेरीचा मध्यक शून्याच्या आसपासच निघतो. म्हणून तिथे मध्यकाबरोबर ‘किती जण २० च्या पुढे गेले’ हेही लिहा. २०१४ मध्ये निकोला योकिच ४१ वा निवडला गेला आणि २०२१, २०२२ व २०२४ मध्ये एमव्हीपी झाला. अशा एका नावामुळे दुसरी फेरी खजिना ठरत नाही. उरलेल्या नावांकडेही पाहावं लागतं.

७. खरी २००३ ची तुकडी खेळवायची आहे. कोणतं वर्ष निवडू?

नवी लीग बनवताना ‘रिअल प्लेअर्स’ निवडा आणि हंगाम २००३. या खेळात हंगामाला तो संपतो त्या वर्षाचं नाव असतं: २००३ म्हणजे २००२–०३. २००४ निवडलं तर लेब्रॉन आधीच क्लीव्हलँडमध्ये असतो आणि ड्राफ्ट हातातून गेलेला असतो. ही चूक सतत होते.

सुरुवात प्रीसीझनपासून केली तर २००२–०३ चा हंगाम नव्याने खेळला जातो, आणि निवडीचा क्रमही बदलतो. खऱ्या हंगामात क्लीव्हलँड आणि डेन्व्हर दोघेही १७ विजय, ६५ पराभवांवर संपले होते, आणि लॉटरीत, म्हणजे वरच्या निवडींसाठीच्या सोडतीत, पहिला क्रमांक क्लीव्हलँडला लागला. तुमच्या लीगमध्ये क्लीव्हलँडने ३० सामने जिंकले तर लेब्रॉन भलतीकडेच जाईल. फक्त ड्राफ्ट अभ्यासायचा असेल तर सुरुवातीचा टप्पा ड्राफ्टच्या जवळचा ठेवा आणि पुढे जाण्याआधी निवडीचा क्रम तपासून घ्या.

वयही वेगळं दिसेल. खेळ वर्षातून जन्मवर्ष वजा करतो. ३० डिसेंबर १९८४ ला जन्मलेला लेब्रॉन ड्राफ्टच्या दिवशी १८ वर्षांचा होता, पण पडद्यावर १९ दिसतो.

८. माझ्या लीगमध्ये लेब्रॉन साधा खेळाडू निघाला. हे कसं?

‘रिअल प्लेअर डिटरमिनिझम’ ही मांडणी पाहा. मूळ मूल्य शून्य असतं. म्हणजे खेळाडू पदार्पणाच्या रेटिंगने येतो आणि पुढची वाट इतर कुणासारखीच नशिबावर ठरते. १०० टक्के ठेवलं तर रेटिंग खऱ्या कारकिर्दीच्या मागे जातं. मधली मूल्यं दोहोंचं मिश्रण.

काय विचारायचं आहे त्यावर मूल्य ठरवा. ‘त्या दिवशीच्या माहितीवर दुसऱ्या क्रमांकाला मिलिचिच हा चुकीचा निर्णय होता का?’ असा प्रश्न असेल तर शून्यच हवं. १०० वर हा प्रश्न विचारता येत नाही, कारण तिथे उत्तर आधीच लिहून ठेवलेलं आहे. ‘वेड डेट्रॉइटला गेला असता तर लीगचं काय झालं असतं?’ याला मात्र १०० हवं. दुखापती, साथीदार आणि मिनिटं तेव्हाही बदलतातच, म्हणून आकडेवारी हुबेहूब येणार नाही.

९. एकच तुकडी किती वेळा खेळवली म्हणजे निष्कर्ष काढता येतो?

एकदा खेळवून खेळाडूबद्दल काहीच सिद्ध होत नाही. किती वेळा हे अचूकता किती हवी त्यावर आहे. समजा २० पैकी ८ वेळा एखादा खेळाडू ६५ च्या पुढे गेला. उत्तर ४० टक्के, पण खरी शक्यता साधारण २० ते ६० टक्क्यांत कुठेही असू शकते. १०० वेळा खेळवून ४० वेळा गेला तर तीच पट्टी ३० ते ५० होते. दोन खेळाडूंमध्ये १० टक्क्यांचा फरक दाखवायचा असेल तर २० फेऱ्या अगदीच अपुऱ्या.

करण्याची रीत अशी: ‘ड्राफ्टनंतर’ची फाइल नव्या लीगमध्ये उघडा, ‘ऑटो प्ले’ने सात हंगाम पुढे न्या, ‘ड्राफ्ट हिस्टरी’चा तक्ता उतरवा, लीग पुसा, पुन्हा पहिल्यापासून. या फाइलमध्ये कोण कुठे गेला हे पक्कं असल्याने फक्त वाढीचं नशीब मोजलं जातं. ‘ड्राफ्टआधी’ची फाइल घेतली तर संघांच्या निवडीही बदलतात आणि दोन गोष्टींची सरमिसळ होते. ती हवी असेल तरच घ्या. दोन्ही फायलींचे निकाल एका तक्त्यात कधीही मिसळू नका.

१०. मिलिचिचला खेळवलंच नाही म्हणून तो बिघडला. हे सिम्युलेशनमध्ये तपासता येतं का?

बास्केटबॉल जीएममध्ये येत नाही. इथे खेळायला मिळालेल्या मिनिटांचा वाढीवर परिणाम होत नाही. वय, नशीब आणि संघाच्या प्रशिक्षणाचा दर्जा, एवढंच चालतं. बाकावर बसवलेला आणि ३६ मिनिटं खेळलेला सारखेच वाढतात.

हा वाद खरोखर महत्त्वाचा आहे, म्हणून पार्श्वभूमी माहीत असावी. डेट्रॉइटने ड्राफ्टच्या आधीच्या हंगामात ५० सामने जिंकले होते. दुसरी निवड त्यांच्याकडे आली ती ग्रिझलीजबरोबरच्या १९९७ च्या जुन्या व्यवहारातून. इतक्या वरची निवड इतक्या तयार संघाकडे सहसा जात नाही. मिलिचिच पहिल्या हंगामात ३४ सामन्यांत दिसला, सरासरी १.४ गुण, आणि त्याच हंगामात संघ विजेता झाला. त्याला मिनिटं न देण्याला कारण होतं, आणि अँथनी, बॉश किंवा वेड तिथे असते तर त्यांनाही कदाचित वाट पाहावी लागली असती. मिनिटांना वाढीशी जोडणारा दुसरा खेळ घेतला, तरच हा प्रयोग अर्थपूर्ण होतो.

११. ड्राफ्टच्या रात्रीच खेळाडू दुसऱ्या संघाला दिला. श्रेय कुणाचं?

निवड आणि व्यवहार यांचे दोन रकाने करा. काइल कॉर्व्हर २००३ मध्ये ५१ वा, नावाला न्यू जर्सीची निवड. पण त्यांनी त्याचे हक्क पैसे घेऊन फिलाडेल्फियाला दिले. १९९६ मध्ये कोबी ब्रायंट १३ वा, शार्लटकडून, आणि गेला लेकर्सकडे, व्लादे दिवाचच्या बदल्यात. ‘ड्राफ्ट हिस्टरी’त निवडणाऱ्या संघाचं नाव राहतं. आधी ठरलेला व्यवहार असेल तर श्रेय खेळाडू मिळवणाऱ्या संघाला द्या. निवडीनंतर वर्षभराने विकला असेल तर निवडीचा नफा पहिल्या संघाचा आणि विक्रीचा तोटाही त्याचाच, पण वेगळ्या रकान्यात.

१२. जो एकही सामना खेळला नाही त्याचं काय?

शून्य लिहा. रिकामी जागा ठेवू नका. तक्ता बनवणारं सॉफ्टवेअर रिकामी जागा मोजणीतून वगळतं आणि पट्ट्याचा मध्यक फुगतो. भारतातल्या वाचकांना यातलं एक नाव जवळचं आहे: पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसकडून ५२ वा निवडला गेला, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. ती निवड ऐतिहासिक होतीच. एनबीएच्या नियमित हंगामात त्याला सामना मिळाला नाही, म्हणून या हिशेबात तिथे शून्य येतं. दुसऱ्या फेरीत असे शून्य बरेच असतात.

१३. दुखापतीने कारकीर्द कापली गेली तर निवड वाईट धरायची का?

परिणामात धरा, निर्णयात धरू नका. खेळात लांब दुखापतीनंतर वेग, उडी यांसारखी रेटिंग कायमची घसरू शकतात, आणि ते निवडीच्या दिवशी कुणाला दिसत नाही. तक्त्यात एक खूण करून ठेवा, म्हणजे प्रश्न ६ चा हिशेब अशा खेळाडूंसह आणि त्यांच्याशिवाय, दोन्ही रीतींनी करता येईल. बॉशसारखं प्रकरण, म्हणजे रक्ताच्या गुठळ्यांमुळे फेब्रुवारी २०१६ नंतर खेळणंच थांबलं, सिम्युलेशनमध्ये त्याच रूपात येणार नाही. १०० टक्के डिटरमिनिझमवरही त्याची भरवशाने अपेक्षा ठेवू नका.

१४. ‘पुन्हा ड्राफ्ट’ची यादी बनवताना कोणते नियम पाळावेत?

कालावधी आधी जाहीर करा: सात हंगाम की पूर्ण कारकीर्द. संघाची तेव्हाची गरज विचारात घेऊ नका, नाहीतर यादीवर एकमत होणारच नाही. तिसरा नियम बहुतेक जण विसरतात: वर सरकलेल्या प्रत्येक खेळाडूमागे कुणीतरी खाली जातं, म्हणून यादी पहिल्या दहांवर न थांबवता निदान पहिली फेरी पूर्ण करा. खऱ्या २००३ मधून पुढे नऊ जण ऑल-स्टार झाले, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. त्यांत १८ वा डेव्हिड वेस्ट, २९ वा जॉश हॉवर्ड, ४७ वा मो विल्यम्स आणि ५१ वा कॉर्व्हर होते. हे चौघे वर आले की मधल्या क्रमांकांची सगळी मांडणी हलते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

१५. दोन वेगळ्या काळातल्या तुकड्यांची तुलना करता येते का?

येते, पण वयाची सोय करून. २००३ मध्ये शाळेतून थेट येता येत होतं. २००६ च्या ड्राफ्टपासून वयाची अट १९ झाली आणि अमेरिकन खेळाडूंना शाळा संपल्यावर एक वर्ष थांबणं भाग पडलं. म्हणून ‘पहिले सात हंगाम’ ऐवजी ‘२७ व्या वर्षापर्यंत’ अशी मर्यादा घाला. संघांची संख्या वेगळी असेल तर एकूण बेरजेऐवजी पहिल्या २० जणांचीच बेरीज पाहा.

१६. आमच्या लीगमध्ये बरेच जण आहेत, आयुक्ताने (लीग चालवणाऱ्याने) मध्येच ‘गॉड मोड’ने, म्हणजे हवं ते बदलू देणाऱ्या सोयीने, एकाचं रेटिंग बदललं. आता?

त्या खेळाडूला प्रश्न ६ मधल्या पायाच्या हिशेबातून काढा, तुकडीच्या यादीत मात्र टिपेसह ठेवा. बदल प्रीसीझनच्या आधी झाला असेल तर पुढची सगळी वाढ त्या नव्या आकड्यावरून झालेली असते, त्यामुळे नुसता फरक वजा करून भागत नाही. बदलाआधीची फाइल असेल तर तिथून प्रश्न ९ च्या रीतीने पुन्हा खेळवून त्याच्या जागी मध्यक लिहा. फाइल नसेल तर ती जागा ‘मोजता येत नाही’ अशीच राहू द्या. प्रश्न १२ मधलं शून्य इथे लागू होत नाही.